‘लेन्स एरर’: एका छोट्या डिजिटल कॅमेऱ्याचे प्रकरण

शेजारच्या काकांनी कॅमेरा माझ्या हातात ठेवला तेव्हा निदान त्यांनी स्वतःच करून टाकलेले होते. “अरे, लेन्स गेलीय याची. स्क्रीनवरच तसं लिहून येतं,” असे म्हणून त्यांनी बटण दाबून दाखवले. लेन्सची नळी निम्मी बाहेर आली, क्षणभर थबकली, आत गेली, स्क्रीनवर लेन्स एररचा संदेश झळकला आणि कॅमेरा बंद पडला. लगेच दुसऱ्यांदा बटण दाबले तर तोच कॅमेरा काहीही न घडल्यासारखा सुरू झाला. हे प्रकरण लिहून ठेवण्याजोगे वाटले ते या दुसऱ्या वेळेमुळे. कारण खरोखर तुटलेली लेन्स अशी मर्जीनुसार चालत नाही.

कॅमेरा खिशात मावणारा, १० मेगापिक्सेलचा, ५ पट झूमचा, सीसीडी सेन्सर (प्रकाशाचे विजेच्या प्रभारात रूपांतर करणारी चकती) असलेला. बंद करताना लेन्स पूर्ण आत जाते आणि तिच्यावर दोन पातळ पाती मिटतात. लिथियम-आयन बॅटरी आणि एसडी कार्ड. वय बारा वर्षांच्या पुढचे. काका त्यावर आपल्या बागेतल्या झाडांच्या तारीखवार नोंदी ठेवतात, त्यामुळे नवा कॅमेरा घ्या असे सांगून मोकळे होण्यात अर्थ नव्हता. त्यांना त्याच्या बटणांची सवय होती आणि जवळून काढलेली छायाचित्रे तो अजून चांगली देत होता.

तक्रारी मात्र एक नव्हे, पाच निघाल्या. लेन्स एरर मधूनमधून येतो. कार्ड ‘लॉक’ असल्याचा संदेश कधीकधी येतो, म्हणून त्यांनी नवे ६४ जीबीचे कार्ड आणले, तर ते कॅमेऱ्याने साफ नाकारले. प्रत्येक छायाचित्रात डावीकडे वरच्या बाजूला एक धूसर डाग दिसतो. तारीख मध्येच मूळपदावर जाते. आणि दिव्याकडे कॅमेरा वळवला की स्क्रीनवर जांभळट उभी रेघ उमटते. काकांच्या मते हे सगळे एकाच दुखण्याचे प्रकार होते. माझेही पहिले दोन दिवस काहीसे तसेच गेले.

लेन्स एरर म्हणजे नेमके काय

बटण दाबल्यावर एक लहानशी मोटर दातेरी चाकांच्या साखळीतून लेन्सची नळी फिरवते. नळीवरच्या बारीक खिळ्या भोवतालच्या तिरक्या खाचांतून सरकतात आणि त्यामुळे फिरणारी नळी पुढे येते. ती ठरलेल्या जागी पोहोचली की आतली प्रकाशावर चालणारी एक खूण प्रोसेसरला तसे कळवते. ठरावीक वेळेत ही खूण आली नाही तर प्रोसेसर मोटर थांबवतो, नळी मागे घेण्याचा प्रयत्न करतो आणि संदेश दाखवून बंद होतो. म्हणजे संदेशाचा शब्दशः अर्थ एवढाच की लेन्स वेळेत पोहोचली नाही. ती का पोहोचली नाही, हे कॅमेऱ्याला माहीत नसते. खाचेत वाळू असेल, पडल्यामुळे नळी तिरकी झाली असेल, चाकाचा दाता झिजला असेल, आतली पट्टीसारखी वायर तुटत आली असेल किंवा मोटरला पुरेशी ताकदच मिळत नसेल. या सर्वांवर स्क्रीनवर येणारा संदेश एकच.

कॅमेरा पडला होता का, हे मालकाला विचारण्यापेक्षा कॅमेऱ्याला विचारलेले बरे असते. लेन्स पूर्ण बाहेर असताना समोरून उजेडात धरली आणि नळ्यांच्या मधली गोल फट पाहिली. ती चहूकडून सारख्या रुंदीची होती. आदळलेल्या कॅमेऱ्यात ही फट एका बाजूला चंद्रकोरीसारखी रुंदावते. तेव्हा पडण्याचे कारण बाद केले.

पुढच्या प्रश्नांची उत्तरे मी वहीत लिहून घेतली. दोन महिन्यांपूर्वी समुद्रकिनाऱ्यावर नेला होता. त्रास सकाळी गारव्यात जास्त होतो. बॅटरी कॅमेऱ्याबरोबर आलेलीच आहे. आणि एक वाक्य काकांनी कौतुकाने सांगितले होते: “बॅटरीचं मात्र काही म्हणणं नाही. पूर्वी दोन तास लागायचे, आता चाळीस मिनिटांत हिरवा दिवा लागतो.” हे वाक्य मी बॅटरीच्या बाजूने पुरावा म्हणून टिपले. वस्तुतः याच वाक्यात अर्धे प्रकरण उलगडलेले होते.

पहिली फेरी, आणि खोटी सुटका

समुद्र, वाळू आणि अडखळणारी लेन्स हे समीकरण इतके सोपे होते की बाकी शक्यता तपासण्यात मी हयगय केली. बॅटरी मल्टिमीटरला, म्हणजे व्होल्टेज मोजणाऱ्या यंत्राला, लावली, ४.१५ व्होल्ट आले. या जातीची बॅटरी पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टच्या आसपास असते, म्हणून तिला निर्दोष ठरवून मी वाळूच्या मागे लागलो.

काम असे केले. लेन्स पूर्ण बाहेर आलेली असताना बॅटरीचे झाकण उघडून बॅटरी काढली, म्हणजे नळी बाहेरच राहिली. कॅमेरा उलटा, म्हणजे लेन्स जमिनीकडे करून धरला आणि रबरी फुग्याच्या ब्लोअरने फटींत बाजूने हवा मारली. डब्यातली दाबाखालची हवा मी वापरत नाही. ती कण आणखी आत ढकलते आणि डबा तिरका झाला तर थंडगार द्रव काचेवर उडतो. नंतर पातळ, कडक कागदाची अरुंद पट्टी कापून ती दोन नळ्यांमधल्या फटीतून सावकाश गोल फिरवली. सुमारे तीन चतुर्थांश फेरी झाल्यावर पट्टी अडली, टोकाशी बारीकशी ‘करर्’ जाणवली आणि पट्टी बाहेर काढताना तिच्याबरोबर खसखशीच्या दाण्याहून लहान, कडेला चमकणारा वाळूचा कण पांढऱ्या कागदावर पडला.

त्यानंतर सलग बारा वेळा कॅमेरा चालू-बंद केला. एकदाही चूक नाही. मी कॅमेरा परत दिला.

तिसऱ्या दिवशी तो परत आला, तोच संदेश घेऊन. त्या बारा यशस्वी वेळांत काय वेगळे होते याचा विचार करताना दोन गोष्टी आठवल्या. सफाईआधी मी बॅटरी नुकतीच पूर्ण भरली होती. आणि लेन्स डोळ्यांजवळ धरून पाहायची असल्यामुळे फ्लॅश बंद ठेवला होता. सफाईबरोबर आणखी दोन गोष्टी बदलल्या होत्या आणि श्रेय मात्र मी सफाईला दिले होते.

दुसरी फेरी

या वेळी एका वेळी एकच गोष्ट बदलायची असे ठरवले. फ्लॅश आपोआप या स्थितीत ठेवून वीस वेळा कॅमेरा सुरू केला, सात वेळा एरर आला. फ्लॅश बंद ठेवून वीस वेळा सुरू केला, एकदाही आला नाही. छायाचित्रे पाहण्याच्या बटणाने सुरू केला तर लेन्स हलतच नाही, आणि तसा तो अर्धा तास विनातक्रार चालू राहिला.

लेन्सच्या खाचेतल्या वाळूला फ्लॅश चालू आहे की बंद हे समजण्याचे कारण नाही. लेन्सची मोटर आणि फ्लॅश यांच्यात सामाईक असलेली वस्तू एकच: बॅटरी.

कान कॅमेऱ्याला लावून ऐकले तेव्हा हे आणखी स्पष्ट झाले. फ्लॅश बंद असताना फक्त मोटरचा ‘झूं’ असा एकसुरी आवाज येतो. फ्लॅश आपोआप असताना त्याच क्षणी डासाच्या गुणगुणीसारखी, चढत जाणारी अगदी बारीक शीळ ऐकू येते. ती फ्लॅशच्या कपॅसिटरला, म्हणजे फ्लॅशसाठी वीज साठवणाऱ्या घटकाला, चार्ज करणाऱ्या मंडलाची असते. हे मंडल बॅटरीच्या ३.७ व्होल्टपासून सुमारे ३०० व्होल्ट तयार करते आणि त्या काळात बॅटरीतून बराच प्रवाह ओढते. हा कॅमेरा सुरू होताच लेन्स बाहेर काढणे आणि फ्लॅश भरणे ही दोन्ही कामे एकत्र हाती घेतो. शीळ चालू असताना मोटरचा आवाज खालच्या सुरात घसरे, आणि ज्या वेळी तो फारच घसरे त्या वेळी एरर येई.

आता बॅटरी पुन्हा मोजली, पण या खेपेस तिच्यावर भार टाकून. १० ओहमचा, २ वॉट सोसणारा रेझिस्टर (प्रवाहाला ठरावीक रोध करणारा सुटा भाग) दोन टोकांना काही सेकंद जोडला. मोकळी असताना ४.१५ व्होल्ट दाखवणारी बॅटरी भाराखाली ३.६० व्होल्टवर आली. प्रवाह ०.३६ अँपिअर आणि घट ०.५५ व्होल्ट, म्हणजे बॅटरीचा अंतर्गत रोध, तिच्या आतूनच प्रवाहाला होणारा अडथळा, सुमारे दीड ओहम झाला. त्याच क्रमांकाची चांगली बॅटरी मिळवून तीच चाचणी केली: ४.१६ वरून ४.०८, म्हणजे रोध जेमतेम ०.२ ओहम. मोटर आणि फ्लॅश मिळून मागणी क्षणभर जरी १ अँपिअरवर गेली तरी चांगली बॅटरी ४ व्होल्टच्या जवळ राहील आणि जुनी २.६५ व्होल्टपर्यंत कोसळेल. लिथियम-आयनवर चालणारे कॅमेरे ३ व्होल्टच्या पुष्कळ आधीच हातपाय गाळतात.

मग ‘बॅटरी संपली’ असा संदेश का येत नाही, हा काकांचा प्रश्न रास्त होता. उत्तर असे की मोटर थांबताच भार नाहीसा होतो आणि व्होल्टेज पुन्हा वर येते. स्क्रीनवर बॅटरीचे चित्र दाखवण्याची वेळ येईपर्यंत बॅटरी पुन्हा सज्जन दिसू लागते. खचल्याचा परिणाम मात्र लेन्सने आधीच भोगलेला असतो आणि तक्रार तिच्या नावावर नोंदली जाते. सकाळच्या गारव्याचाही उलगडा यातच झाला, कारण थंडीत अशा बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. आणि चाळीस मिनिटांचा हिरवा दिवा? रोध वाढलेल्या बॅटरीचे व्होल्टेज चार्जिंग चालू असताना लवकरच ४.२ ची मर्यादा गाठते, आत मावणारा प्रभारही उरलेला थोडाच असतो, त्यामुळे चार्जर लवकर समाधानी होतो. लवकर भरणारी जुनी बॅटरी ही फुटक्या रांजणासारखी नसते, तळ गाळाने भरलेल्या रांजणासारखी असते.

ही बॅटरी सपाट काचेवर ठेवून बोटाने टिचकी मारली तेव्हा ती भोवऱ्यासारखी गर्रकन फिरली. पोट किंचित फुगल्याची ही खूण. हे मी पहिल्या दिवशी दोन सेकंदांत पाहू शकलो असतो.

चांगली बॅटरी घालून, फ्लॅश आपोआप ठेवून, चाळीस वेळा कॅमेरा सुरू केला. एरर शून्य.

तरीही वाळू निर्दोष होती असे म्हणता येत नाही. चांगल्या बॅटरीवर झूम सावकाश पुढे नेताना तिसऱ्या टप्प्यावर ‘कट्’ असा हलका आवाज येत होता. कागदाची पट्टी पुन्हा फिरवली आणि आणखी एक कण निघाला. मग मुद्दाम जुनी बॅटरी घालून वीस वेळांची चाचणी परत घेतली, तर सातऐवजी तीन वेळा एरर आला. म्हणजे वाळूने मोटरचा भार वाढवला होता आणि बॅटरी तो भार पेलू शकत नव्हती. सशक्त बॅटरीने ती वाळू निमूट रेटून नेली असती, आणि वाळू नसती तर म्हाताऱ्या बॅटरीवर कॅमेरा आणखी काही महिने चालला असता.

येथे एक सूचना करणे भाग आहे. अडकलेली लेन्स हाताने ओढून काढणे, कॅमेरा तळहातावर आपटणे असे उपाय पुष्कळ जण सांगतात आणि त्यांतले काही कधीमधी लागूही पडतात. परंतु आतली चाके प्लास्टिकची असतात आणि मोटर त्यांच्यात गुंतलेली असते. ओढाताणीत दाता तुटला की बॅटरी बदलून सुटणारे प्रकरण लेन्सचा पूर्ण संच बदलण्यावर जाते. या कॅमेऱ्यावर तो प्रयोग झाला असता तर मूळ कारण कधी कळलेच नसते.

कार्डाची दोन दुखणी

एसडी कार्डाच्या डाव्या कडेला असलेली लॉकची सरकपट्टी कार्डातल्या कोणत्याही भागाला जोडलेली नसते. ती फक्त प्लास्टिकची खूण आहे. ती कुठे आहे हे कॅमेऱ्याच्या खाचेतला एक चिमुकला स्विच चाचपून पाहतो. काकांच्या जुन्या कार्डावरची पट्टी इतकी सैल झाली होती की कार्ड आत ढकलताना खाचेच्या कडेला घासून ती आपोआप खाली सरकत होती. दुसरे सुस्थितीतले कार्ड घालून दहा वेळा काढले-घातले, संदेश आला नाही. म्हणजे स्विच ठीक होता. पट्टीच्या जागी चिकटपट्टी लावण्याची युक्ती माझ्या ओळखीची आहे, पण सुटलेली चिकटपट्टी खाचेत अडकली तर कार्डच बाहेर निघेना होते, म्हणून ती केवळ कार्डावरची छायाचित्रे उतरवून घेण्यापुरती वापरली.

नवे ६४ जीबीचे कार्ड नाकारले गेले त्यात कार्डाचाही दोष नव्हता. ३२ जीबीपर्यंतची कार्डे एसडीएचसी जातीची, त्यावरची एसडीएक्ससी जातीची. पहिल्या जातीचे प्रमाण २००६ मध्ये आले, दुसरीचे २००९ मध्ये, आणि दुसरीत फाइलींची मांडणी एक्सफॅट पद्धतीची असते. हा कॅमेरा पहिल्या जातीपर्यंतच वाचू शकतो. ३२ जीबीचे कार्ड घातल्यावर प्रश्न मिटला. मात्र त्याआधी कॅमेऱ्याने ६४ जीबीच्या कार्डावर ‘फॉरमॅट करायचे का?’ असे विचारले होते आणि काकांचे बोट ‘हो’ वर जाता जाता राहिले होते. कार्ड कोरे होते म्हणून बिघडले नसते. पण हाच प्रश्न छायाचित्रे असलेल्या कार्डाबाबत आला तर आधी कार्ड काढून संगणकावर लावून पाहावे.

डाग आणि तारीख

डाग काचेवरचा असेल असे समजून काकांनी पुढची काच इतक्यांदा पुसली होती की तिच्यावर फिक्या ओरखड्यांची जाळी दिसू लागली होती. वास्तविक पुढच्या काचेवरचा कण छायाचित्रात ठिपका म्हणून सहसा उमटत नाही. तो फार तर उजेडासमोर धुरकटपणा आणतो. पांढऱ्या भिंतीची दोन छायाचित्रे घेतली. झूम मागे असताना डाग मोठा आणि फिकट होता, झूम पूर्ण पुढे नेल्यावर तो आकसून गडद झाला, पण जागा तीच राहिली. कॅमेरा उलटा धरून पुन्हा घेतले, तरी डाग चौकटीच्या त्याच कोपऱ्यात. म्हणजे तो भिंतीवरचा नव्हता, सेन्सरवर किंवा त्याला लागून असलेल्या काचेवर बसलेल्या धुळीचा होता. झूम पुढे गेला की अशा कॅमेऱ्यात लेन्सचे छिद्र तुलनेने लहान होते, प्रकाश अरुंद शंकूतून येतो आणि धुळीची सावली रेखीव पडते. आत-बाहेर करणारी लेन्स पिचकारीसारखी हवा ओढते. धूळ तिच्याबरोबर आत जाते.

डाग कधीपासून आहे हे पाहायला गेलो तेव्हा तारखांनी घोटाळा केला. बॅटरी कॅमेऱ्याबाहेर बरेच दिवस राहिली की आतल्या घड्याळाला जगवणारा छोटा साठा संपतो आणि तारीख मूळपदावर जाते. तो साठा मुख्य बॅटरीवरूनच भरतो. म्हणून हा बिघाड नव्हता, काका बॅटरी दर वेळी काढून ठेवत होते एवढेच. पण त्यामुळे छायाचित्रांत नोंदलेल्या तारखा निरुपयोगी झाल्या होत्या. फाइलींचे अनुक्रमांक मात्र तारखेवर अवलंबून नसतात. कार्डावरच्या डीसीआयएम फोल्डरमध्ये, जिथे कॅमेरा छायाचित्रे ठेवतो, ते ९९९९ पर्यंत चढत जातात. त्या क्रमाने पाहिले तर डाग समुद्रकिनाऱ्यावरच्या छायाचित्रांच्या नंतर अकराव्या फाइलीपासून दिसू लागला होता. झाडांच्या नोंदींच्या चुकलेल्या तारखाही काकांनी त्याच अनुक्रमांकांवरून आणि आपल्या वहीवरून दुरुस्त केल्या.

डाग काढायचा तर कॅमेरा उघडावा लागला असता, आणि ते मी केले नाही. फ्लॅशचा कपॅसिटर बॅटरी काढल्यावरही बराच काळ भरलेला राहू शकतो. १०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टला साडेचार ज्यूल ऊर्जा असते. बोटाला जबर झटका बसायला आणि मंडल जळायला तेवढी पुरते. शिवाय सेन्सर परत बसवताना केसभर तिरका बसला तर चौकटीची एक बाजू कायमची धूसर होते. डाग संगणकावर पुसणे हा त्यापेक्षा स्वस्त सौदा होता.

जांभळ्या रेघेने मला थोडे घाबरवले होते, कारण २००५ च्या ऑक्टोबरमध्ये अनेक कॅमेरा कंपन्यांनी सोनीच्या काही सीसीडी सेन्सरांबाबत सूचना काढल्या होत्या. उष्ण आणि दमट हवेत त्या सेन्सरांतली आतली जोडणी सुटून छायाचित्रे विस्कटत किंवा काळी येत. परंतु इथे रेघ फक्त झगझगीत दिवा समोर असतानाच, आणि फक्त स्क्रीनवर, दिसत होती. काढलेल्या छायाचित्रात ती नव्हती. सीसीडीमध्ये प्रकाशबिंदूंचा प्रभार उभ्या स्तंभांतून खाली सरकवला जात असताना तीव्र प्रकाश त्यात भर घालतो आणि अशी उभी रेघ उमटते. छायाचित्र घेताना यांत्रिक शटर मिटते, म्हणून ती तिथे येत नाही. पाचपैकी ही एक तक्रार काहीही न करता निकालात निघाली.

नवी बॅटरी आणताना आकार, लेबलवरचा क्रमांक आणि ३.७ व्होल्ट एवढे जुळवून पाहिले. मिलिअँपिअर-तासांच्या फुगवलेल्या आकड्याकडे लक्ष दिले नाही, आणि आल्याबरोबर रेझिस्टरची चाचणी घेतली. जुनीच्या टोकांवर चिकटपट्टी लावून ती ई-कचऱ्यात दिली. त्यानंतर पाच महिने एरर आलेला नाही. तिसऱ्या टप्प्यावरचा ‘कट्’ आवाज मात्र पूर्ण गेलेला नाही. बहुधा खाचेवर वाळूने ओरखडा काढलेला आहे. काका आता तो टप्पा ओलांडताना झूमचे बटण दाबून धरतात, मध्ये थांबत नाहीत.